'पायलटची चूक' एवढं म्हटलं की विषय संपतो का?

मेघना_चिकलठाणा (धागाकर्ती), शुक्रवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात असलेला विषय आज लिहून काढते.

२६ एप्रिल १९९३. आम्ही तेव्हा औरंगाबादला, विमानतळापासून जवळच राहत होतो. मी चौथीत. आईनं गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकलायला मला बसवलं होतं. दुपारी एकच्या सुमारास धूर दिसला. संध्याकाळी कळलं की मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ पडलं. धावपट्टी संपते तिथून पुढे बीड रस्ता जातो. त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. उडता उडता विमान त्याला धडकलं, पुढे जाऊन विजेच्या तारांत अडकलं. ११८ माणसं होती, ५५ गेली.

घरात, शाळेत, किराणा दुकानात एकच वाक्य ऐकलं: पायलटनं विमान उशिरा उचललं. बाबा आजही तेच सांगतात. पुढे मोठेपणी चौकशीचा निष्कर्ष वाचला. त्यात कारणं दोन होती. एक, वैमानिकांनी नाक उशिरा उचललं आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरं, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ती पाळली नाही. हे दुसरं कारण आमच्या गावात कुणाला माहीतच नव्हतं. ज्यांच्या गच्चीतून धूर दिसला त्यांनासुद्धा नाही.

मला विचारायचंय ते असं: 'मानवी चूक' असा शिक्का मारल्यानं विमानप्रवास सुरक्षित होतो, की उलट खरं कारण झाकलं जातं? या क्षेत्रातले जाणकार इथे आहेत, त्यांनी सविस्तर लिहावं.

एक विनंती: २०२५च्या अहमदाबादच्या अपघातावर इथे तर्क लढवू नका. त्या विमानातले कितीतरी जण आपल्यातल्याच घरांतले होते.

रोखठोक, ९:५८

शिक्का मारलाच पाहिजे. एसटीचा ड्रायव्हर चुकला की दुसऱ्या दिवशी निलंबित, वर पोलीस केस. वैमानिकाला पगार भरपूर, मान भरपूर, मग जबाबदारी नको? 'माणूस आहे, चुकणारच' हे दीडशे जीव हातात असलेल्यानं म्हणायचं नसतं.

वांद्रे_पश्चिम, १०:०७

वाचतोय. १ जानेवारी १९७८ची रात्र आमच्या वडिलांना लख्ख आठवते. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं. २१३ जण होते, एकही वाचला नाही. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. ते उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं, म्हणून त्यांनी विमान डावीकडे वळवत नेलं. बाहेर अमावास्येसारखा काळोख, खाली काळं पाणी, क्षितिज दिसतच नाही. याला वैमानिकाची चूक म्हणायची की उपकरणाची?

रोखठोक, १०:११

@वांद्रे_पश्चिम, बाकीची उपकरणं चालू होती ना? मग ती बघायची होती.

दहाबाराचा_पाना, ११:२५

मी विमान देखभाल अभियंता, मुंबईत हँगरवर बावीस वर्षं. पायलटबद्दल पायलट लिहितील, मी आमच्या बाजूचं लिहितो, कारण आमची चूक आकाशात गेल्यावर कळते.

१० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन. बर्मिंगहॅमहून निघालं, सतरा हजार फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिन क्रूनं त्यांचे पाय धरून ठेवले, को-पायलटनं साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन जगले! आदल्या दिवशी पहाटे ती काच नवी बसवली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट जाडीला कमी होते. किती? इंचाचे हजार भाग केले तर त्यातले २६. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडंसं जास्त.

आता 'मेकॅनिक बेफिकीर' म्हणणं सोपं आहे. पण तो माणूस शिफ्टचा प्रमुख होता, माणसं कमी म्हणून स्वतः रात्री हाताला ग्रीस लावून काम करत होता. जुना बोल्ट हातात धरून खणातल्या बोल्टशी नजरेनं जुळवला. पुस्तकात नंबर बघितला नाही. अंधुक उजेडात साइझचा फरक डोळ्याला दिसत नाही, हे मी शपथेवर सांगतो, मी करून पाहिलंय. काच विमानाच्या बाहेरून बसत होती, म्हणजे आतल्या हवेचा सगळा जोर बोल्टवर. आणि ते काम दुसऱ्या माणसानं तपासायची अटच नव्हती. यातलं एक जरी वेगळं असतं तर काच टिकली असती.

तो माणूस चुकला, नक्कीच. पण त्याला काढून टाकला आणि खण, दिवा, पुस्तक, नियम तसेच ठेवले, तर पुढच्या रात्री दुसरा चुकेल.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी, पहाटे पावणेचारला, हत्यारं मोजताना माझा टॉर्च कमी निघाला. आमच्याकडे फळीवर प्रत्येक पान्याची, पक्कडीची आकृती काढलेली असते. हत्यार परत टांगलं की आकृती झाकते. टॉर्चची जागा मोकळी दिसत होती. विमान सहाला निघणार होतं. गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. पाच मिनिटं मी त्या रिकाम्या आकृतीकडे बघत उभा होतो. मग शिफ्ट इन्चार्जला जाऊन सांगितलं, 'साहेब, टॉर्च आत राहिलाय बहुतेक.'

ड्यूटीची वेळ झाली, उरलेलं नंतर लिहितो.

टॉवर_निवृत्त, शनिवार सकाळी ७:१५

@दहाबाराचा_पाना, सलाम. विमानतळाच्या टॉवरमध्ये हवाई वाहतूक कंट्रोलर म्हणून तीस वर्षं काढली, त्या पाच मिनिटांची किंमत ठाऊक आहे.

आमच्या धंद्यात चूक होते ती शब्दांत. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेट. दाट धुकं, दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर, एक केएलएम कंपनीचं, दुसरं पॅन ॲमचं. केएलएमच्या को-पायलटनं रेडिओवर सांगितलं की आम्ही टेकऑफवर आहोत. टॉवरमधून उत्तर आलं 'ओके', आणि त्याला जोडून 'थांबा, मी सांगतो'. नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमचं विमान रेडिओवर बोललं. दोघं एकदम बोलले की कानात नुसती शिट्टी वाजते. केएलएमला ऐकू आलं ते फक्त 'ओके'. ते धावत सुटलं आणि पॅन ॲमवर आदळलं. ५८३ माणसं गेली. विमान-अपघातात इतकी माणसं त्याआधी गेली नव्हती, नंतरही नाहीत.

केएलएमचा कॅप्टन नवशिका होता का? नाही, कंपनीचा प्रमुख प्रशिक्षक. @रोखठोक, तुमच्या हिशेबानं सगळ्यात विश्वासू माणूस. विमान धावायला लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरनं विचारलंसुद्धा की पॅन ॲम बाजूला झालंय ना? कॅप्टन ठामपणे हो म्हणाला, आणि इंजिनिअर गप्प बसला.

त्यानंतर जगभर नियम झाला: प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच 'टेकऑफ' शब्द उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. नुसतं 'ओके' चालत नाही, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी दूधवाल्याला 'उद्या दोन लिटर' सांगितलं की त्याच्याकडून परत वदवून घेतो. तोही आता हसत हसत आधीच म्हणून दाखवतो.

आपल्याकडचं चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, सौदीचं विमान १४ हजारांवर. कझाक विमान खाली येत राहिलं आणि हवेतच दोघांची टक्कर झाली. ३४९ मृत्यू. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाचा ठिपका दिसायचा, उंची दिसायची नाही. येणारी-जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि चालवणारे वेगळे. त्यानंतर मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. नुसतं 'कझाक पायलट चुकला' म्हणून फाइल बंद केली असती तर यातलं काही झालं असतं का?

अवांतर_आजोबा, ८:०२

अवांतर: मुंबईत सांताक्रूझ समजून जुहूला उतरलेली विमानं आठवतात का? १९५३ साली बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८. जपानी विमान जुहूच्या छोट्या धावपट्टीवरून पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. जीव कुणाचा गेला नाही. लहानपणी आम्ही चुलत्यांबरोबर ते बघायला गेलो होतो, रस्त्यावर हीऽऽ गर्दी.

टॉवर_निवृत्त, ८:२०

@अवांतर_आजोबा, अवांतर कसलं, अगदी मुद्द्याचं आहे! दोन धावपट्ट्या शेजारी-शेजारी. एकोणीस वर्षांच्या अंतरानं, दोन वेगळ्या देशांच्या वैमानिकांनी एकच चूक केली. म्हणजे चूक त्या जागेतच दबा धरून बसली होती.

मोटरमनची_लेक, ९:४४

माझे बाबा लोकलचे मोटरमन होते. एक्स्प्रेसच्या इंजिनात चालक आणि सहायक सिग्नल दिसला की मोठ्यानं त्याचा रंग पुकारतात, एकमेकांना ऐकू जाईल असा. लोकलमध्ये मोटरमन पुढे एकटा, तरी बाबा पुकारायचे. घरातून निघतानाही: 'गॅस बंद, गीझर बंद, किल्ली खिशात', प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून. चाळीतली पोरं दारात उभी राहून कोरसमध्ये ओरडायची, 'किल्ली खिशाऽऽत!' जपानी रेल्वेत हीच पद्धत शिकवतात हे मला फार नंतर कळलं. डोळ्यांनी बघितलं, तोंडानं म्हटलं, हातानं दाखवलं की मन दुसरीकडे पळत नाही.

रोखठोक, १०:३०

माहिती छान आहे, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. शिक्षाच नाही म्हटल्यावर कोण नीट काम करेल? उद्या पिऊन विमान चालवलं तर तेही 'व्यवस्थेची चूक'?

उजवी_सीट, दुपारी २:१०

मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवर बसणारी को-पायलट. @रोखठोक, पिऊन येणं ही चूक नव्हे, तो गुन्हा आहे. उड्डाणाआधी श्वासाची तपासणी होते, सापडला तर परवान्यावर कारवाई होते, आणि व्हायलाच हवी. मुद्दाम नियम तोडणं वेगळं आणि नियम पाळायचा प्रयत्न करताना हात चुकणं वेगळं. ही रेघ नीट आखली नाही तर दुसऱ्या प्रकारचा माणूस घाबरून गप्प बसतो, आणि आम्हाला भीती त्या गप्प बसण्याची वाटते. अमेरिकेत १९७६ पासून नासाकडे वैमानिक, कंट्रोलर, मेकॅनिक आपल्या चुका नाव गुप्त ठेवून कळवतात. विमान चालवणाऱ्यांच्या परवान्याशी ज्यांचा संबंध नाही अशा संस्थेकडे हे काम दिलं, म्हणून लोक लिहितात.

आता मंगळूर. २२ मे २०१०, पहाटेचं विमान, टेकडीवरची धावपट्टी, १५८ मृत्यू. चौकशीत निघालं की कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त झोपले होते. पहाटे गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही काळ जड असतो. त्या दिवशी तिथलं रडार बंद होतं, त्यामुळे विमान उशिरापर्यंत उंच राहिलं. उंचावरून घाईघाईनं खाली आलं. फर्स्ट ऑफिसरनं तीनदा 'गो अराऊंड' म्हटलं, म्हणजे उतरू नका, परत वर चला. कॅप्टननं ऐकलं नाही. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते पाच हजार फूट संपल्यावर.

मी हे किती वेळा वाचलं असेल! दर वेळी त्या तीन हाकांवर थांबते. त्यानं सांगितलं होतं हो. तीनदा.

आपण वाढतोच 'मोठ्यांना उलट बोलू नये' ऐकत. कॉकपिटमध्ये शेजारी वडिलांच्या वयाचा माणूस, मी त्यांना 'सर' म्हणते. सिम्युलेटरमध्ये आम्हाला घोकून घेतात: आधी आकडा सांगायचा, मग इशारा, दोनदा सांगूनही प्रतिसाद नसेल तर 'आय हॅव कंट्रोल्स' म्हणून विमान हातात घ्यायचं. वाक्यं आधीच ठरलेली असतात, त्यामुळे त्या क्षणी उद्धट वाटेल का हा विचार करावा लागत नाही. याला सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात. डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलंडला एक डीसी-८ चाकांचा बिघाड तपासत तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंजिनिअरला इंधनाची काळजी होती, पण तो दबक्या आवाजात बोलला. तिथून हे शिक्षण सुरू झालं.

गेल्या पावसाळ्यात मला एकदा ते म्हणावं लागलं. हजार फुटांवर वेग जास्त होता, वारा मागून. मी म्हटलं 'अनस्टेबल, गो अराऊंड'. कॅप्टन पंचवीस वर्षांचे अनुभवी. एक सेकंदही न घालवता थ्रॉटल पुढे केले. दुसऱ्या खेपेला नीट उतरलो. पार्किंगला पोचल्यावर त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, 'असंच बोलत जा.' माझे हात तोवर थरथरत होते.

भूल_देणारी, ३:०५

@उजवी_सीट, डोळ्यांत पाणी आलं.

मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. आमच्याकडे ऑपरेशनआधीची चेकलिस्ट २००८ नंतर जागतिक आरोग्य संघटनेनं आणली, ती विमानांकडूनच शिकलेली. त्यांची १९३५ची. बोइंगचं मोठं बॉम्बर चाचणीत पडलं, कारण उभ्या विमानाची सुकाणू बांधून ठेवणारं कुलूप काढायचं राहिलं. चालवणारा लष्करातला अव्वल चाचणी-वैमानिक होता. त्यानंतर ठरलं, आठवणीवर विसंबायचं नाही, यादी वाचायची. आमच्या ओटीत पहिल्या वर्षी मोठे सर्जन वैतागायचे, 'मला पेशंटचं नाव माहीत नाही का?' आता तेच सिस्टरना विचारतात, 'मॉप मोजले?' सिस्टर 'एक कमी आहे' म्हणाल्या की टाके थांबतात. बास.

विनिपेगकर, रात्री ८:५०

आमच्या गावाहून तासाभरावर गिमली नावाचं गाव आहे, तळ्याकाठी. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ तिथे इंजिनं बंद अवस्थेत तरंगत उतरलं. मुलांना तिथलं प्रदर्शन दाखवायला नेलं होतं, घरी येऊन वहीत गणित मांडलं. हवं होतं २२,३०० किलो इंधन. टाकीत होतं ७,६८२ लिटर. याला गुणायचं होतं ०.८ नं, म्हणजे किलो मिळाले असते. गुणलं १.७७ नं, म्हणजे पौंड मिळाले, पण सगळ्यांनी ते किलोच धरले. उत्तर आलं १३,५९७, आणि भरलं जेमतेम ४,९१७ लिटर. भरायला हवं होतं वीस हजारांवर.

हे गणित जमिनीवरच्या माणसांनीही केलं, वैमानिकांनीही तपासलं. सगळ्यांनी तोच १.७७ वापरला, कारण कागदावर तोच छापलेला असायचा. कंपनीत किलोचं हे पहिलंच विमान, बाकी सगळी पौंडांत. इंधनाचा काटा बिघडलेला, म्हणून काठी घालून मोजलं होतं. कॅप्टनला ग्लायडर चालवता येत होतं म्हणून ६९ माणसं वाचली. माझी मुलगी सातवीत आहे, आता प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहिते. बाईंनी फोन करून कौतुक केलं!

वांद्रे_पश्चिम, ९:१५

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

दहाबाराचा_पाना, रविवार सकाळी ११:००

एकच भर घालतो, दांड्यांबद्दल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर जमिनीवर टेकल्यावर वैमानिक फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) चाकंच वर घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. सगळे 'पायलट एरर' म्हणून नोंदवले. अल्फॉन्स शापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं बघितलं की दोन्हींचे खटके सारखे आणि शेजारी-शेजारी. त्यानं एकाला चाकाच्या आकाराचं रबर लावलं, दुसऱ्याला पाचरीसारखं. काम झालं. आजही चाकांच्या दांड्याला छोटं चाकच असतं, कधी कॉकपिट बघायला मिळालं तर हात लावून पाहा.

आणि तरी जानेवारी २०२३ मध्ये नेपाळात पोखऱ्याला एटीआर हे पंख्यांचं विमान पडलं. फ्लॅप्सचा दांडा ओढायचा होता, हात शेजारच्या दांड्यांवर गेला, पंख्यांचा जोर गेला. ७२ माणसं. ऐंशी वर्षांपूर्वीचा धडा पुन्हा शिकावा लागतो याचा मला संताप येतो.

रोखठोक, १२:२०

सगळं दोनदा वाचलं. चुकणं आणि मुद्दाम मोडणं यातला फरक मान्य. पण मग साखळीत वर बसलेल्यांना कोण विचारतं? औरंगाबादच्या ट्रकचंच घ्या. रस्ता बंद न ठेवणाऱ्याचं नाव कुणाला आठवतं का? खालच्याला माफी द्यायची तर वरच्याला जाब विचारलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

टॉवर_निवृत्त, १२:४५

@रोखठोक, यावर मी तुमच्या बाजूनं.

मेघना_चिकलठाणा, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी हा धागा बाबांना वाचून दाखवला. ते ऐंशीचे आहेत. बीड रस्त्याचा भाग आला तेव्हा म्हणाले, 'आम्ही त्याच रस्त्यानं रोज सायकलनं जायचो गं. विमान डोक्यावरून जायचं, आम्ही मान खाली घालायचो आणि पुढे जायचो. फाटक असायला हवं हे कधी डोक्यातच आलं नाही.' बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, 'त्या टॉर्चवाल्याचं पुढे काय झालं?'

@दहाबाराचा_पाना, सांगा ना.

दहाबाराचा_पाना, ७:४०

बाबांना नमस्कार सांगा.

विमान थांबवलं. प्रवासी दोन तास अडकले, वरून फोनवर फोन. इन्चार्ज साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. स्वतः आरसा घेऊन खाली सरकले. सहा जणांनी शोधलं. तिसऱ्या फेरीत सापडला, चाकांच्या खोबणीत, वरच्या कडेवर, कंट्रोलच्या केबलपासून चार बोटांवर. साहेबांनी तो पुसून माझ्या हातात दिला आणि रजिस्टरमध्ये लिहायला लावलं, माझ्याच अक्षरात. पुढच्या आठवड्यात सगळ्या टॉर्चना नंबर आणि मनगटात अडकवायची दोरी आली. आता मी इन्चार्ज आहे. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी ते पान उघडून दाखवतो.

भूल_देणारी, ७:५२

__/\__

उजवी_सीट, ८:०५

@रोखठोक, थकव्याच्या नियमांवरही लिहायचं होतं. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांची ४८ कशी झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर का आणली, वगैरे. तिथे तुमचा 'वरच्यांना जाब'चा मुद्दा थेट लागू पडतो. पण उद्या पहाटे चारला रिपोर्टिंग आहे, आता झोपायलाच हवं. परवा लिहिते.